डोक्यासकट कोलंबी

कोलंबीचं डोकं काढून फेकणाऱ्या माणसांचं मला काही कळतच नाही. भल्या सकाळी बाजारात जायचं, कोळीण मावशीशी हुज्जत घालायची, चांगला ताजा वाटा निवडून आणायचा आणि घरी येऊन त्यातला सगळ्यात चवदार भाग कचऱ्याच्या पिशवीत टाकायचा. वर जेवताना तक्रार करायची, की हल्ली कोलंबीला पूर्वीसारखी चव राहिली नाही. कुठून राहणार? ती मघाशीच घंटागाडीत बसून गेली.

माझ्या घरी कोलंबी डोक्यासकट होते. मिशा, पाय आणि कपाळावरचा तो करवतीसारखा काटा कात्रीने कापायचा. पाठीच्या पेरात टाचणी घालून काळा धागा अलगद ओढून काढायचा. डोक्याला हात लावायचा नाही. तेलात भरपूर ठेचलेला लसूण, हळद, घरचा लाल मसाला, चिंचेचा कोळ आणि बेताचं पाणी. शिजताना डोक्यातला केशरी गर रश्शात उतरतो आणि वर जो तवंग येतो तो कुठल्याही विकतच्या मसाल्याने येत नाही. खाताना आधी डोकं मुरगळून वेगळं करायचं, तोंडाला लावायचं आणि चोखायचं. आवाज होतो. व्हायलाच पाहिजे.

हे मला आईने शिकवलं आणि आईला शेजारणीने. आम्ही कल्याणजवळच्या मोहन्यात वाढलो. वडील तिथल्या कारखान्यात होते. आई जुन्नरकडची, तिला मटण कळायचं. मासे म्हणजे तिच्या लेखी पाण्यातले किडे. शेजारी एक आगरी बाई राहायची. आईने पहिल्यांदा कोलंबी सोलायला घेतली तेव्हा ती दारातूनच ओरडली म्हणे, "अगो बाय, डोकी कला टाकतेस? त्यानच त चव हाय!" आईने टाकलेली डोकी परत उचलून धुतली, आणि तिथून पुढे आमच्या घरात डोकं टाकलं गेलं नाही. शिवाय आमच्याकडे येणारी कोलंबी इतकी बारीक असायची की डोकी काढली असती तर पातेल्यात नुसतं पाणीच उकळलं असतं. म्हणजे सवय थोडी चवीची आणि थोडी गरिबीची. ते मी नाकारत नाही. पण गरिबी गेली म्हणून तिच्याबरोबर सगळंच घालवायचं नसतं.

आता जे सांगणार आहे ते कोलंबीचंच आहे, फक्त त्यात आमच्या लेकीचं लग्नही आहे.

आम्ही कल्याणला राहतो. लेक ठाण्याला नोकरीला. तिथेच तिला तो मुलगा भेटला, आणि दोघांनी सगळं ठरवून झाल्यावर आम्हाला विचारलं, म्हणजे कळवलं. मुलाचं घर बाळकुमला, खाडीच्या बाजूला जे उंच टॉवर झालेत त्यातल्या एकात. माणसं मूळची मालवणकडची. आम्ही बौद्ध, ते हिंदू. मुलाच्या वडिलांची काही हरकत नव्हती. आई मात्र "बघू" म्हणत होती. हा शब्द माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. हो म्हणायची इच्छा नसते आणि नाही म्हणायची लाज वाटते, तेव्हा माणसं बघू म्हणतात.

माझा राग नाकावर असतो हे घरातले सगळे सांगतील, पण या बाबतीत तो उगाच आलेला नाही. माझ्या घरी येऊन न जेवता गेलेली माणसं मी आयुष्यभर पाहिली आहेत. तोंडावर कुणी काही बोलत नाही, तो काळ गेला. आता कारणं असतात. आत्ताच जेवून आलो. ॲसिडिटी आहे हो. डॉक्टरांनी बाहेरचं बंद केलंय. आज आमचा गुरुवार. नोकरीत असताना एका बाईंनी माझ्या डब्यातली भाजी "नंतर खाते हं" म्हणून वाटीत घेतली, आणि संध्याकाळी ती वाटी मला बेसिनजवळ तशीच भरलेली दिसली. सगळीच कारणं खोटी असतात असंही नाही. ॲसिडिटी होतेच माणसाला. कुठलं खरं आणि कुठलं खोटं हे कळत नाही, छळ तो आहे. रागवावं तर आपण वेडे ठरतो, आणि न रागवावं तर रात्रभर तेच डोक्यात.

त्यामुळे मुलाकडचे आमच्याकडे जेवायला येणार असं ठरलं तेव्हा माझ्या मनात एकच गोष्ट होती. ती बाई माझ्या हातचं जेवते की नाही. लग्न कुठल्या पद्धतीने लागेल, हॉल कुठला, कोणाला बोलवायचं, ते सगळं नंतर. माझी लेक ज्या घरात राहायला जाणार त्या घरातली बाईच जर माझ्या ताटाला हात लावणार नसेल, तर उद्या लेकीच्या हातच्या ताटाचं काय होईल? ती तिथे एकटी पडेल, ही भीती मी नवऱ्यालाही बोलून दाखवली नव्हती. त्याला वाटायचं मी नुसतीच चिडलेय.

मी फोन करून म्हटलं, येत्या रविवारी या. मुलाची आई म्हणाली, "हा नको ताई, पुढच्या रविवारी येतो." मी बरं म्हटलं. रविवार असला की झालं. सोमवार, गुरुवार, शनिवार अशी भानगड नाही, मांसाहाराला मोकळा. आमचं पंचांग तेवढंच. मुलाने लेकीला सांगितलेलं, की आईला मासे म्हणजे जीव की प्राण. तेव्हाच मी कोलंबी ठरवून टाकली.

नवऱ्याने शनिवारी रात्री विषय काढला. "अगं, डोकी काढून आण हां उद्या. मावशीला सांगितलंस तर तीच साफ करून देईल."

"का?"

"पहिल्यांदा येतायत ते. पाहुण्यांच्या ताटात डोळे वटारलेल्या कोलंब्या बऱ्या दिसतात का?"

"या घरात डोळे मीच वटारते. कोलंबी बिचारी मेलेली असते."

लेक आतून म्हणाली, "आई, प्लीज. पप्पा बरोबर बोलतायत. थोडं प्रेझेंटेबल कर ना. नाहीतर सरळ चिकन बिर्याणी मागवू."

 दोघांना जे कळत नव्हतं ते मला चांगलं कळत होतं. सोललेली, गोंडस कोलंबी चमच्याने खाता येते. दोन तुकडे टोचायचे, छान झालीय म्हणायचं आणि बाकीची ताटात इकडची तिकडे करत बसायचं. खाल्ल्यासारखं होतं आणि न खाल्ल्यासारखंही. डोक्यासकट कोलंबी तशी खाता येत नाही. तिला हात घालावा लागतो. तो मनगटापर्यंत बरबटतो, तोंडाने आवाज होतो, ताटाशेजारी टरफलांचा ढीग पडतो. कोणी किती खाल्लं ते सगळ्यांना दिसतं. मला तेच हवं होतं.

रविवारी सकाळी मी एकटीच बाजारात गेले आणि चांगली करड्या रंगाची, कडक, डोकी घट्ट चिकटलेली कोलंबी घेऊन आले. डोकं लोंबत असेल तर कोलंबी शिळी समजायची. घरी बसून मिशा कापल्या, काटे कापले, धागे काढले. तांदळाच्या भाकऱ्या केल्या, भात टाकला. हॉलमधल्या तसबिरींना रोजच्यासारखी फुलं वाहिली, जास्त नाही आणि कमीही नाही. नवरा सारखा खुर्च्यांच्या जागा बदलत होता. त्याला म्हटलं, अहो, खुर्च्या पाहायला नाही येत ते.

माणसं वेळेवर आली. मुलगा चांगला, हसरा, जरा जास्तच वाकून नमस्कार करणारा. त्याचे वडील कमी बोलणारे. आणि त्याची आई. तिला इथून पुढे विहीणबाईच म्हणते, आता त्या विहीणबाई आहेतच. त्या दिवशी मात्र नव्हत्या. मोतिया रंगाचा ड्रेस, नीट पिन केलेली ओढणी, आणि आल्यापासून हात मांडीवर एकमेकांत धरून बसलेल्या. पाणी प्यायल्या. सगळा ग्लास प्यायल्या. मी बघून घेतलं.

पानं मांडली. मी कोलंबीचं पातेलं घेऊन विहीणबाईंच्या ताटापाशी आले, डाव रश्शात घातला, आणि त्यांनी ताटावर हात आडवा धरला.

"मला नको ताई. माझी आज संकष्टी."

 मुलाने मान वर करून आईकडे पाहिलं. लेकीने माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत सरळ विनवणी होती, की आई, आत्ता नको.  आला, म्हटलं. आला यांचाही गुरुवार. जीव की प्राण मासे खाणारी बाई, बरोब्बर माझ्याच घरी उपाशी.

"अगंबाई, मग आधी सांगायचं नाही का?" मी म्हणाले. माझा हा गोड आवाज नवऱ्याच्या ओळखीचा आहे, तो खुर्चीत जरा मागे सरकला. "थांबा हं, उपवासाचं बघते काहीतरी. उपाशी कसं बसवणार तुम्हाला?"

"नको नको, कशाला धावपळ," त्या म्हणाल्या.

मी थांबलेच नाही. पातेलं ठेवलं आणि तडक समोरच्या दारात गेले. समोरची शेजारीण देवधर्म करणारी. खरं सांगायचं तर मी उपवासाचं मागायला गेलेच नव्हते. आज कसली संकष्टी नि कसलं काय, असं तिच्या तोंडून ऐकायला गेले होते. ते ऐकून परत येऊन काय करणार होते, देव जाणे.

शेजारणीने दार उघडलं. मी म्हटलं, "उपवासाचं काही आहे का गं घरात?"

"आहे की. साबुदाणा भिजवलाय सकाळीच. संकष्टी ना आज."

"खरंच आहे?"

"म्हणजे काय!" ती हसायला लागली. "आणि तुझ्या घरून कोलंबीचा वास येतोय तो कधीपासून. मी सकाळपासून नाक दाबून बसलेय इथे. कोण आलंय?"

मी तिच्या दारात उभी राहिले आणि अंगातली सगळी हवाच गेली. चूक आमची होती. आमच्याकडे पौर्णिमा पाळतात, त्या आम्हाला तोंडपाठ. चतुर्थी कधी येते आणि कधी जाते याच्याशी आमचा कधी संबंधच आला नाही. कॅलेंडर भिंतीवर आहे, पण त्यावर दूधवाल्याच्या फुल्या. हिंदू माणसं जेवायला बोलावली, वार बघितला आणि तिथी बघितलीच नाही. दुसऱ्या कुठल्या घरात हे झालं नसतं.

माझ्या गॅसवर सकाळपासून कोलंबी, म्हणून खिचडी शेजारणीनेच तिच्या स्वयंपाकघरात परतली. मी वाटी धरून उभी राहिले, आणि मनात विहीणबाईंची माफी मागून झाली. खिचडी घेऊन घरात शिरले तेव्हा माझा आवाज खरोखरचा गोड झाला होता. नवऱ्याने ते ओळखलं आणि तो खुर्चीत पुन्हा पुढे सरकला.

विहीणबाईंनी खिचडी खाल्ली. सगळी. माझ्या घरी बसून शेजारच्या घरचं. याला जेवल्या म्हणायचं की नाही हे मला ठरवता येईना, पण संकष्टी खरी होती, आता रागावणार तरी कोणावर?

खरी गंमत पुढे झाली. मुलाचे वडील कोलंबी खात होते, पण प्रत्येकीचं डोकं काढून ताटाच्या कडेला ठेवत होते. कडेला रांग लागली होती. विहीणबाई खिचडीचा घास घेत आणि त्या रांगेकडे बघत. मुलगा त्या मानाने धीट, त्याने डोकं उचललं आणि चणे चावावेत तसं टरफलासकट कडाकडा चावायला लागला. विहीणबाईंनी एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. मग चमचा खाली ठेवला.

"अरे, सुंगटां तशी नाय खातत रे!"

आम्ही सगळे थांबलो. आतापर्यंत बाई अगदी छापील बोलत होत्या.

"आदी टकली मोड. हां. मगे मागच्या बाजून चोख. दात लावू नको! चोख!"

मुलगा घाबरून चोखायला लागला. त्या दोन्ही हात हवेत धरून, न धरलेली कोलंबी मुरगळून दाखवत होत्या. "आलं ना तोंडात? तेच खायचं असतं. चावून काय खातोस, टरफल?" मग आपल्या नवऱ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही ती कडेला काय मांडून ठेवलीयत? पाप लागेल." ते बिचारे म्हणाले, मला ते डोळे बघून कसंतरी होतं. लेक हसू दाबत होती, तिला ठसका लागला. माझा नवरा, ज्याला डोकी नकोच होती, तो मोठ्या तज्ज्ञासारखा मुलाला दुसरी कोलंबी मुरगळून दाखवायला लागला.

"चिंच ना ताई?" विहीणबाईंनी मला विचारलं. "वासावरून वाटलं. आमच्याकडे कोकम घालतो. आणि खोबरं नाही घातलंत?"

"नाही घालत."

"बरं करता. खोबऱ्याने डोक्याची चव दबते." असं म्हणून त्यांनी पुन्हा चमचा उचलला आणि खिचडीकडे पाहून इतका लांब श्वास सोडला की मला त्यांची कीव आली. माणसं गेल्यावर नवरा म्हणाला, "झालं ना? बाई चांगली आहे. उगाच जीव जाळून घेतेस." मीही म्हटलं, हो, झालं. आणि झालंही होतं बरंचसं. भांडी घासताना मी गुणगुणत होते, असं लेकीचं म्हणणं आहे.

बुधवारी नवरा आणि लेक आपापल्या कामाला गेले होते. मी दोन वर्षांपूर्वी नोकरीतून स्वेच्छेने निवृत्त झाले, त्यामुळे दुपारची घरी एकटीच असते. दार वाजलं. बघते तर विहीणबाई. एकट्या. रिक्षाचा प्रवास अंगावर आलेला, ओढणीची पिन सुटलेली आणि हातात एक ओली पिशवी.

"खाडीची आहे," पिशवी माझ्या हातात देत म्हणाल्या. "बाळकुमला आमच्या खालीच बसते एक बाई. डोकी काढू दिली नाहीत तिला. आज माझा काही वार नाही."

मी पिशवीत डोकावले. कोलंबी इतकी ताजी होती की मिशासुद्धा मोडलेल्या नव्हत्या.

"तुम्ही करा," त्या म्हणाल्या. "रविवारी केलीत तशीच. घरी मला डोक्यासकट करताच येत नाही, आमच्या ह्यांना डोळे दिसले की जेवण जात नाही. लग्न झाल्यापासून मी सोललेलीच खातेय."

आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो. मी कात्री घेतली, त्यांनी टाचणी मागितली. मी काटे कापून द्यायचे, त्या धागे काढायच्या. हात सराईत होता, धागा एकदाही तुटला नाही. बोलत होतो ते इकडचं तिकडचं. त्यांच्या माहेरी खाडीत कोलंबी कशी पकडायचे, माझी आई कोलंबीला कशी घाबरायची. लसूण ठेचायला त्याच बसल्या. रस्सा उकळला तसा त्या झाकण उघडून वास घेत, आणि मी त्यांना हाताने बाजूला करत होते, लहान मुलाला करावं तसं.

मग आम्ही जेवायला बसलो. मी मुद्दाम त्यांच्याकडे बघत नव्हते, पण कान तिकडेच होते. पहिलं डोकं मोडल्याचा बारीक आवाज आला. मग चोखल्याचा. मग काही वेळ दुसरं काहीच नाही, नुसतं ते चोखणं. मला फार बरं वाटलं. ही बाई माझ्या घरी, माझ्या भांड्यातलं, माझ्या हातचं जेवत होती. हात मनगटापर्यंत लाल झाले होते, रस्सा कोपरापर्यंत ओघळला होता. त्यांच्या ताटाशेजारचा ढीग माझ्या ढिगापेक्षा मोठा झाला.

"ताई, एक सांगायचंय," त्या मान खाली घालूनच म्हणाल्या. "मी संकष्टी करत नाही."

"म्हणजे?"

"कधीच केली नाही. त्या रविवारी पहिल्यांदा धरली. तुम्ही आधीचा रविवार म्हणालात ना, तेव्हा मी कॅलेंडर बघितलं आणि पुढचा सांगितला."

माझा हात ताटातच थांबला. शेजारणीच्या दारात वाटी धरून उभी असलेली मी मला दिसले, या बाईची मनातल्या मनात माफी मागणारी. राग असा आला की समोरचं ताट ओढून घ्यावं. खोटं कारण निदान हवेत असतं. या बाईने कारणाला तिथी जोडून आणली होती, मला बोट दाखवायलाही जागा ठेवली नव्हती.

"मग आता कशाला सांगताय?" माझा आवाज चढला. "मला कळलंही नसतं. मी तुम्हाला देवभोळी समजून बसले होते. तसंच राहू द्यायचं."

"राहू दिलं असतं तर मला हे गिळता आलं नसतं," त्या म्हणाल्या. हात धुवायला उठल्या नाहीत, उष्ट्या हातानेच बसून राहिल्या. "लहानपणापासून कानावर पडलेलं असतं हो. कोणाकडे पाणी प्यायचं, कोणाकडे चहापर्यंत, कोणाकडे जेवायचं. शिकले, नोकरी केली, वाटलं आता गेलं ते सगळं. मुलाने सांगितलं तेव्हासुद्धा वाटलं, मला काय त्याचं. पण तुमच्याकडे जेवायला जायचं म्हटल्यावर कळलं, गेलेलं नाही. मग रविवारी तिथे बसले. मुलगा पोटभर जेवत होता, हसत होता, आणि मी बसलेय शेजाऱ्यांची खिचडी खात. मला माझीच लाज वाटली."

"मग आता गेलं का?" मी विचारलं. प्रेमाने विचारलं नव्हतं.

त्यांनी जरा विचार केला. "माहीत नाही," म्हणाल्या. "जेवले तर आहे."

गेलं म्हणाल्या असत्या, तर मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नसता. माझा राग तिथेच होता, पण त्याचं करायचं काय ते मला समजेनासं झालं. आम्ही दोघी खरकट्या हातांनी समोरासमोर बसलो होतो आणि रस्सा निवायला लागला होता.

"तुमची लेक आमच्याकडे येणार," त्याच पुढे बोलल्या. "आमच्याकडे गावची माणसं येतात, नणंदा येतात, सोसायटीतल्या बायका येतात. तिने काही केलं, की कोणाचं पोट बिघडलेलं असेल, कोणी घरून जेवून आलेलं असेल, कोणाचा वार निघेल. ती तिथे एकटी पडेल असं वाटतं ना तुम्हाला?"

मी मान डोलावली. ही गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती.

"माझ्यासमोर त्यातलं एकही कारण टिकायचं नाही, ताई. मला सगळी पाठ आहेत. मी सगळी वापरलीयत."

 मी डोळे पुसायला हात वर केला, तर तो मसाल्याने माखलेला.

त्यांनी त्यांचं ताट माझ्याकडे सरकवलं. "वाढा ना," म्हणाल्या, "थंड होतंय."